प्रारंभिक कँब्रियन काळातील सागरी भक्षक : शरीररचना व भक्षणावयव – एक विवेचन

गोषवारा

सुमारे ५३.९ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कँब्रियन काळात सागरी प्राणिसृष्टीत भक्षक आणि भक्ष्य हे नाते प्रथमच ठळकपणे दिसू लागले. या काळातील भक्षकांविषयी लोकप्रिय पुस्तके व दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम यांनी एक विशिष्ट चित्र रूढ केले आहे. त्यानुसार ॲनोमॅलोकॅरिस हा अजस्त्र प्राणी कठीण कवचाचे त्रायलोबाइट पकडून फोडत असे. प्रस्तुत लेखात या भक्षकांची शरीररचना, त्यांच्या भक्षणावयवांतील विविधता, या अवयवांच्या कार्याविषयी अलीकडे झालेले परीक्षण आणि भारतातील हिमालयीन खडकांतून मिळालेला संबंधित पुरावा यांचा परामर्श घेतला आहे. अवयवाचे रूप भयंकर असले म्हणून त्याचे कार्यही तसेच असेल असे गृहीत धरता येत नाही, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन होय.

बीजसंज्ञा : कँब्रियन, जीवाश्म, भक्षणावयव, ॲनोमॅलोकॅरिस, रेडिओडॉन्टा, बाणकृमी, ताल शैलसमूह.

१. प्रास्ताविक

प्राणिशास्त्र व भूशास्त्र या दोन्ही विषयांच्या पदवी अभ्यासक्रमात उत्क्रांतीचे प्रकरण असते आणि त्यात 'कँब्रियन विस्फोट' ही संज्ञा हमखास येते. आजच्या बहुतेक प्रमुख प्राणिसंघांचे पूर्वज भूशास्त्रीय दृष्ट्या अल्प अशा या कालावधीत जीवाश्मांच्या रूपाने दिसू लागतात. तत्पूर्वीच्या एडिआकारन काळातील बहुसंख्य जीव मृदुकाय होते. कँब्रियनच्या आरंभी मात्र कवचे, काटे, डोळे, सांधे असलेली उपांगे आणि गाळात खोलवर गेलेली बिळे एकापाठोपाठ एक आढळू लागतात. या बदलामागील एक महत्त्वाचे कारण म्हणून अनेक अभ्यासक भक्षणाकडे पाहतात. खाणारा निर्माण झाला म्हणून खाल्ले जाणाऱ्यास संरक्षणाची गरज भासली, असा तो युक्तिवाद आहे.

युक्तिवाद आकर्षक असला तरी कोणता प्राणी काय खात होता, हे ठरविणे सोपे नाही. भक्षण ही क्रिया आहे आणि क्रियेचा जीवाश्म होत नाही. आपल्या हाती येतात ते केवळ अवयव, क्वचित आतड्यातील अन्नाचे अवशेष आणि भक्ष्याच्या कवचावरील जखमा. या तुटपुंज्या साधनांवरून निष्कर्ष कसे काढले गेले, कोठे चुकले आणि कसे दुरुस्त झाले, हे समजून घेणे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने भक्षकांच्या नावांच्या यादीपेक्षा अधिक मोलाचे आहे.

२. वऱ्हाडचे खडक आणि कँब्रियन काळ

अमरावती-अकोला परिसरातील वाचकास साहजिकच प्रश्न पडेल की, अशा समुद्राचा काही मागमूस आपल्याकडे आहे काय? याचे उत्तर नकारार्थी आहे. वऱ्हाडचा बहुतांश भूभाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसाल्टने व्यापलेला आहे. हा लाव्हारस सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास पसरला. कँब्रियन काळाच्या तुलनेत ही घटना अगदीच अलीकडची म्हणावी लागेल. पूर्णेच्या खोऱ्यातील गाळ त्याहूनही कितीतरी अर्वाचीन आहे. या गाळातील खारपाणपट्टा पाहून 'येथे पूर्वी समुद्र असावा' असे बोलले जाते. परंतु पूर्णेचा हा गाळ चतुर्थ कल्पातील असल्याने त्याच्या खारेपणाचा कँब्रियन समुद्राशी संबंध जोडता येत नाही.

मोर्शी तालुक्यातील सालबर्डी परिसर मात्र याबाबत बोलका आहे. तेथे प्राचीन पट्टिताश्म, गोंडवन शैलसमूह, डायनोसॉरचे अवशेष देणारा लमेटा शैलसमूह आणि बेसाल्ट हे सर्व थोड्या अंतरात पाहावयास मिळतात. परंतु प्राचीन पट्टिताश्म आणि गोंडवन यांच्या दरम्यान कालाची फार मोठी पोकळी आहे आणि कँब्रियन काळ त्या पोकळीतच हरवला आहे. खडकांच्या ग्रंथातील ही पाने आपल्याकडे लिहिलीच गेली नाहीत किंवा लिहिलेली नंतर झिजून गेली. ती वाचावयाची तर देशातल्या देशात हिमालयाकडे आणि त्यापलीकडे चीन, ग्रीनलंड, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांकडे वळावे लागते.

३. एक प्राणी, तीन नावे

कँब्रियन भक्षकांच्या अभ्यासाचा इतिहास म्हणजे तुकडे जुळविण्याचा इतिहास आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सापडलेल्या काही वक्र, पेरयुक्त जीवाश्मांना जोसेफ व्हाइटीव्हज यांनी १८९२ मध्ये ॲनोमॅलोकॅरिस हे नाव दिले. 'विचित्र कोळंबी' असा त्याचा अर्थ. डोके नसलेल्या कोळंबीचे हे धड आहे, अशी त्यांची समजूत होती. १९०९ मध्ये चार्ल्स वॉलकॉट यांना त्याच प्रांतात बर्जेस शेल हे सुप्रसिद्ध जीवाश्मस्थळ सापडले. १९११ मध्ये त्यांनी तेथील एका वर्तुळाकार, मध्यभागी छिद्र असलेल्या जीवाश्माचे पेटोइया या नावाने जेलीफिश म्हणून वर्णन केले. तिसऱ्या एका लांबट व अस्पष्ट जीवाश्मास त्यांनी लॅगॅनिया हे नाव देऊन समुद्रकाकडीच्या वर्गात बसविले.

हॅरी व्हिटिंग्टन आणि डेरेक ब्रिग्ज यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या कोड्याचा उलगडा झाला. नमुन्यावरील खडकाचा थर काळजीपूर्वक काढला असता असे दिसून आले की, ज्यास कोळंबीचे धड समजले गेले ते एका मोठ्या प्राण्याच्या तोंडापुढील उपांग होते, ज्यास जेलीफिश समजले गेले ते तोंड होते आणि ज्यास समुद्रकाकडी समजले गेले ते धड होते.

कथा येथे संपली असती तर ती सोयीची झाली असती. परंतु पुढे अधिक नमुने तपासल्यावर असे स्पष्ट झाले की, बर्जेस शेलमध्ये असे एकापेक्षा अधिक प्राणी होते. बत्तीस पट्ट्यांचे व चार मोठ्या पट्ट्या काटकोनात असलेले ते सुप्रसिद्ध मुखचक्र पेटोइया या वेगळ्या प्रजातीचे होते. ॲलिसन डेली व यान बर्गस्ट्रोम यांनी २०१२ मध्ये दाखविल्याप्रमाणे खुद्द ॲनोमॅलोकॅरिसच्या मुखचक्रात तीन मोठ्या पट्ट्या होत्या आणि त्याची घडण बरीच वेगळी होती. म्हणजेच पाव शतकाहून अधिक काळ एका प्राण्याच्या चित्रात दुसऱ्याचे तोंड काढले जात होते.

४. सर्वसाधारण शरीररचना

ॲनोमॅलोकॅरिस व त्याचे आप्त यांचा समावेश रेडिओडॉन्टा या गटात केला जातो. आजच्या संधिपाद संघाच्या, म्हणजे कीटक, कोळी, खेकडे, विंचू यांच्या वंशवृक्षाच्या बुंध्याशी या गटाचे स्थान आहे. येथे कालनिर्देश ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. बर्जेस शेल सुमारे ५०.८ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे मध्य कँब्रियनचा आहे. चीनमधील युनान प्रांतातील चंगच्यांग आणि उत्तर ग्रीनलंडमधील सिरियस पॅसेट ही स्थळे सुमारे ५१.८ कोटी वर्षांपूर्वीची, तर दक्षिण ऑस्ट्रेलियातील कांगारू बेटावरील एमू बे हे स्थळ सुमारे ५१.४ कोटी वर्षांपूर्वीचे आहे. ही तिन्ही प्रारंभिक कँब्रियनमध्ये मोडतात आणि तिन्ही ठिकाणी या गटाचे जीवाश्म मिळाले आहेत. हा गट मध्य कँब्रियनपूर्वीच बहरला होता, हे यावरून सिद्ध होते.

या प्राण्यांच्या शरीराची ठळक वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतील. डोक्याच्या पुढील बाजूस पेरे असलेल्या उपांगांची एकच जोडी असते. त्यामागे, डोक्याच्या खालच्या बाजूस मुखचक्र असते. डोळे देठावर बसविलेले व संयुक्त असतात. धडाच्या दोन्ही बाजूंस वल्ह्यांसारख्या झडपांची रांग असते. या झडपा क्रमाने हलवून प्राणी पोहत असावा. धडावर कल्ल्यांचे कार्य करणाऱ्या पातळ पट्टिकांचे जुडगे असून काही प्रजातींत शेवटी पंख्यासारखे पुच्छ आढळते. चंगच्यांगमधील लायरारॅपॅक्स या लहानशा प्राण्याच्या जीवाश्मात मेंदूचे अवशेषही टिकून राहिल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

भक्षणाच्या दृष्टीने डोळ्यांचा पुरावा फार महत्त्वाचा आहे. एमू बे येथील ॲनोमॅलोकॅरिसच्या डोळ्यांचे जीवाश्म २०११ मध्ये वर्णिले गेले. त्यांतील प्रत्येक डोळ्यात किमान १६,००० भिंगे होती. तुलनेसाठी सांगावयाचे तर घरमाशीच्या डोळ्यात ती तीन-चार हजार, तर पावसाळ्याच्या शेवटी शेतावर घिरट्या घालणाऱ्या चतुराच्या डोळ्यात सुमारे ३०,००० पर्यंत असतात. चतुर हा उडते भक्ष्य नजरेने हेरून पकडणारा कीटक आहे. एमू बेचा हा प्राणीही उजेड असलेल्या पाण्यात दृष्टीच्या बळावर शिकार करीत असावा, हे अनुमान म्हणूनच सयुक्तिक ठरते.

५. भक्षणावयवांची विविधता

तोंडापुढील उपांग हे या गटाचे मुख्य हत्यार होय. मूळ घडण एकच, परंतु काट्यांची लांबी, संख्या व मांडणी बदलताच त्याचे कार्य बदलते. प्रारंभिक कँब्रियनमध्येच या उपांगाचे तीन निरनिराळे नमुने दिसून येतात.

पहिला नमुना ॲनोमॅलोकॅरिसचा. यात उपांगाच्या पेरांच्या खालच्या बाजूस काट्यांच्या जोड्या असून उपांग आतल्या बाजूस वळू शकते. ओंजळीत बोटे मिटावीत तसे भक्ष्य या काट्यांमध्ये अडकविले जात असावे. दुसरा नमुना चंगच्यांगमधील ॲम्प्लेक्टोबेलुआचा. याच्या उपांगाच्या तळाकडील एक काटा विशेष लांब असून उपांगाचा टोकाकडील भाग त्यावर मिटतो, त्यामुळे चिमट्यासारखी पकड तयार होते. या प्राण्याच्या डोक्याच्या खालच्या भागात दंतुर, चर्वणास उपयुक्त वाटणाऱ्या पट्टिकाही असल्याचे २०१७ मध्ये दाखविण्यात आले. म्हणजे पकडणे हे काम पुढील उपांगांचे आणि अन्न तोंडाकडे नेताना कुसकरणे हे काम दुसऱ्या अवयवांचे, अशी विभागणी येथे झालेली दिसते.

तिसरा नमुना सर्वांत अनपेक्षित आहे. सिरियस पॅसेट येथील टॅमिसिओकॅरिसच्या उपांगावर लांब, नाजूक काटे असून प्रत्येक काट्यास पुन्हा बारीक उपकाटे आहेत. दोन उपकाट्यांमधील अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर आहे. चाळणीची जाळी जशी दाण्याच्या आकारमानानुसार निवडावी तशी ही रचना पाण्यातील सूक्ष्म प्लवक गाळून घेण्यास योग्य आहे, असे २०१४ मधील संशोधनात मांडले गेले. हत्यार असलेल्या अवयवाची चाळणी व्हावी ही बाब आजच्या बलीन देवमाशांची आठवण करून देते. तेही दात असलेल्या भक्षक पूर्वजांचे वंशज आहेत.

'रेडिओडॉन्टा म्हणजे भयंकर शिकारी' हे समीकरण या तिसऱ्या नमुन्यामुळे मोडीत निघते. पहिल्या नमुन्याचीही फेरतपासणी त्यामुळे अपरिहार्य ठरते.

६. कवच कोणी फोडले?

कँब्रियन त्रायलोबाइटांच्या अनेक कवचांवर तुटलेल्या व नंतर भरून आलेल्या जखमा आढळतात. त्या ॲनोमॅलोकॅरिसने केल्या असे दीर्घकाळ मानले गेले. त्यास दोन आधार होते. एक म्हणजे हा प्राणी तत्कालीन समुद्रातील मोठ्यांपैकी होता आणि दुसरा म्हणजे त्याचे मुखचक्र पाहताक्षणी भीतिदायक वाटते. परंतु मोठा आहे आणि भयंकर दिसतो म्हणून तोच दोषी, हा न्याय शास्त्रास मान्य होण्यासारखा नाही. मुखचक्राच्या पट्ट्यांना खनिजयुक्त कवचाचे बळ नव्हते, त्या पूर्णपणे मिटतही नसाव्यात, अशा शंका अभ्यासकांनी पुढे उपस्थित केल्या.

२०२३ मध्ये रसेल बिकनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲनोमॅलोकॅरिसच्या उपांगाची त्रिमितीय संगणकीय प्रतिकृती तयार करून तिची परीक्षा घेतली. उपांग किती वळते, भार आल्यास ताण कोठे साचतो आणि पोहताना पाण्याचा रोध किती होतो, हे तपासण्यात आले. तुलनेसाठी आजचे चाबूक-विंचू व चाबूक-कोळी घेण्यात आले. निष्कर्ष असा की, हे उपांग भक्ष्य झडप घालून पकडण्यास योग्य होते, परंतु कठीण कवचावर दाब दिल्यास त्याच्या काट्यांना इजा होण्याचा संभव होता. उपांगे पुढे ताणून वेगाने पोहत जाणे आणि पाण्यातील मृदुकाय भक्ष्य पकडणे हीच त्याची रीत अधिक संभवनीय ठरते. प्राण्याच्या लांबीचे पूर्वीचे मीटरभराचे अंदाजही आता बरेच खाली आले आहेत.

मग कवच फोडणारा कोण? या प्रश्नाचे एक उत्तर खुद्द त्रायलोबाइटांत सापडते. एमू बे येथील रेडलिचिया रेक्स हा त्रायलोबाइट सुमारे २५ सेंटिमीटरपर्यंत वाढत असे. त्याच्या पायांच्या मुळाशी मजबूत, दंतुर भाग असत. डाव्या-उजव्या पायांचे हे भाग एकमेकांकडे सरकून मधील अन्न चिरडीत. ओडिशाच्या किनाऱ्यावर आढळणारा नालखेकडा, म्हणजे हॉर्सशू क्रॅब, आजही याच पद्धतीने अन्न कुसकरून तोंडाकडे नेतो. २०२१ मधील यांत्रिक विश्लेषणानुसार रेडलिचिया रेक्सचे पाय कवच फोडण्यास समर्थ होते. ज्यास आपण केवळ बळी समजत होतो, त्याच कुळातील एक सदस्य अशा प्रकारे संशयितांच्या रांगेत आला आहे.

७. भारतीय पुरावा : बाणकृमींचे काटे

आतापर्यंत वर्णिलेले जीवाश्म परदेशांतील असले तरी या विषयात भारताचा वाटा नगण्य नाही. उत्तराखंडातील मसुरीच्या परिसरात ताल नावाचा शैलसमूह आहे. त्याच्या तळाकडील चर्ट व फॉस्फोराइटच्या थरांतून, विशेषतः मालदेवता येथील खाणींच्या परिसरातून, १९८० च्या दशकात प्रारंभिक कँब्रियनचे सूक्ष्मजीवाश्म मोठ्या प्रमाणावर वर्णिले गेले. त्या काळी हा प्रदेश गोंडवन महाखंडाच्या उत्तर कडेवरील उथळ समुद्राखाली होता. फॉस्फेटी सूक्ष्मजीवाश्म वेगळे करताना सामान्यतः खडकाचे तुकडे सौम्य आम्लात विरघळवितात आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली निवडतात. ताल शैलसमूहातील या जीवाश्मांत प्रोटोहर्ट्झिना या नावाचे बारीक, वक्र काटे आहेत.

हे काटे कोणाचे? पोलंडमधील हुबर्ट श्चान्याव्स्की यांनी १९८२ मध्ये अशा काट्यांची आजच्या बाणकृमींच्या काट्यांशी सूक्ष्म तुलना करून त्यांचे साम्य दाखविले. बाणकृमी हा कीटोग्नाथा संघातील पारदर्शक सागरी प्राणी होय. विद्यार्थ्यांना तो सॅजिटा या नावाने परिचित असतो. तो अरबी समुद्राच्या प्लवकांत आजही विपुल आहे. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंस वक्र काट्यांचे झुबके असतात. एरवी ते त्वचेच्या टोपणाखाली मिटलेले असतात आणि भक्ष्य जवळ येताच उघडून त्यास पकडतात.

प्रोटोहर्ट्झिनाचे थर कँब्रियनच्या अगदी आरंभीचे असल्याने ते चंगच्यांगपेक्षाही एक कोटीहून अधिक वर्षे जुने ठरतात. भक्षणावयवांच्या प्राचीनतम प्रत्यक्ष पुराव्यांत म्हणूनच या मिलिमीटरभर काट्यांची गणना होते. भक्षणाचा इतिहास महाकाय प्राण्यापासून नव्हे, तर अशा लहान शिकाऱ्यांपासून सुरू होतो, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

लहान शिकारी तेव्हाही नेहमीच लहान राहिले नाहीत. २०२४ मध्ये सिरियस पॅसेट येथील टिमोरेबेस्टिया या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. बाणकृमींचा हा प्राचीन आप्त सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत लांब होता. त्याच्या पचनमार्गात आयसोक्सिस या पोहणाऱ्या संधिपादाचे अवशेष मिळाले. येथे कार्याचे अनुमान करण्याची गरजच उरली नाही. खाणारा व खाल्ला गेलेला दोघेही एकाच दगडात सापडले.

८. अध्यापनातील उपयोजन

आपल्या महाविद्यालयांत कँब्रियन जीवाश्मांचे नमुने क्वचितच उपलब्ध असतात. तथापि रूप व कार्य यांचा संबंध शिकविण्यासाठी त्यांची अनिवार्यता नाही. ज्यास खेड्यात खंडोबाचा किडा म्हणतात, त्या प्रार्थना कीटकाचे पुढील पाय व ओढ्यातील खेकड्याची नांगी शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना दाखवावी. पहिल्या अवयवास काट्यांच्या रांगा आहेत, तो भयप्रद दिसतो, परंतु कठीण वस्तू फोडण्याच्या कामाचा नाही. दुसरा आखूड, जाड व बोथट आहे, परंतु गोगलगाईचे कवच फोडण्याची क्षमता त्यातच आहे. सोबत सॅजिटाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली दाखविल्यास मसुरीच्या काट्यांचे स्मरण करून देता येईल. वऱ्हाडच्या शेतात व प्रयोगशाळेत सहज मिळणाऱ्या या साधनांनी ५० कोटी वर्षांपूर्वीचा प्रश्न वर्गात उभा राहू शकतो.

यानंतर विद्यार्थ्यांना प्रत्येक विधानाबाबत तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. जीवाश्मात प्रत्यक्ष काय दिसते? कोणत्या सजीवाशी तुलना करून अनुमान काढले? आणि त्या अनुमानाची स्वतंत्र परीक्षा झाली आहे काय? 'ॲनोमॅलोकॅरिस त्रायलोबाइट फोडत असे' हे विधान या तिसऱ्या प्रश्नाशी येऊन अडते, तर 'टिमोरेबेस्टिया आयसोक्सिस खात असे' हे विधान पहिल्याच प्रश्नाने सिद्ध होते. दोन्ही विधाने पुस्तकात सारख्याच ठाम शब्दांत छापलेली असतात, म्हणून हा भेद शिक्षकानेच दाखवून द्यावा लागतो.

९. निष्कर्ष

१. प्रारंभिक कँब्रियन समुद्रातील भक्षक एकाच साच्याचे नव्हते. झडप घालणारे, चिमट्यात धरणारे, गाळून खाणारे, पायांनी चिरडणारे व काट्यांच्या झुबक्याने पकडणारे असे विविध प्रकार त्या काळी अस्तित्वात होते.

२. ॲनोमॅलोकॅरिसचे उपांग मृदुकाय भक्ष्य पकडण्यास अधिक योग्य होते. कवच फोडण्याचे कार्य रेडलिचिया रेक्ससारख्या प्राण्यांकडे असण्याची शक्यता सबळ आहे.

३. मसुरी परिसरातील ताल शैलसमूहातील प्रोटोहर्ट्झिनाचे काटे हा भक्षणावयवांच्या प्राचीनतम पुराव्यांपैकी एक असून भारतीय अध्यापनात त्यास योग्य स्थान मिळणे आवश्यक आहे.

४. वऱ्हाडात कँब्रियन खडक नसले तरी येथील सजीव सृष्टीच्या आधारे या विषयाचे अध्यापन अर्थपूर्ण करता येते.

व्हाइटीव्हज यांच्या 'विचित्र कोळंबी'पासून २०२३ च्या संगणकीय परीक्षेपर्यंतचा प्रवास १३१ वर्षांचा आहे. या अवधीत दगडातील उपांग तेच राहिले. बदलत गेले ते त्यास विचारलेले प्रश्न. विद्यार्थ्यांच्या हाती तयार उत्तरांइतकेच हे प्रश्नही सोपविणे, हे उत्क्रांतीच्या अध्यापनाचे खरे प्रयोजन आहे.